दमणगंगेच्या वाटेने समुद्रापर्यंत : समुद्री कासवे आणि आपले प्लास्टिक



सुट्टी लागली की आपल्यापैकी बरीच कुटुंबे दमण, उमरगाव, बोर्डी किंवा डहाणूच्या किनाऱ्यावर जातात. काही जण मुलांना घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचा कासव महोत्सवही पाहून येतात. परत आल्यावर मुलांचे प्रश्न सुरू होतात. कासव अंडी घालताना रडते का? पिल्लांची आई कुठे गेली? कासवाला कळत कसे नाही की हे प्लास्टिक आहे? या प्रश्नांची उत्तरे देताना आपलीही गडबड उडते. म्हणून या लेखात समुद्री कासवांची माहिती थोडी सविस्तर देत आहोत. टोकरखाड्यात राहून समुद्राशी आपला काय संबंध, असे कोणाला वाटेल. तो संबंध बराच जवळचा आहे, तेही पुढे येईलच.

आपल्या समुद्रातील कासवे

विहिरीत किंवा तळ्यात दिसणारे कासव आणि समुद्री कासव यांत मोठा फरक आहे. तळ्यातले कासव धोका दिसला की डोके आणि पाय कवचात ओढून घेते. समुद्री कासवाला ते जमत नाही. त्याचे पाय वल्ह्यांसारखे चपटे झालेले असतात. पोहण्यासाठी ते उत्तम, पण जमिनीवर त्याची चाल अगदी अवघडलेली असते. त्याला मासळीसारखे कल्लेही नसतात. ते आपल्यासारखेच फुप्फुसांनी श्वास घेते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने पाण्याबाहेर डोके काढावेच लागते. जाळ्यात अडकलेले कासव मरते ते बहुतेक वेळा याच कारणाने. समुद्रात राहणारा हा प्राणी चक्क बुडून मरतो.

जगात समुद्री कासवांच्या ७ जाती आहेत. त्यांपैकी ५ भारताच्या समुद्रात आढळतात : ऑलिव्ह रिडले, ग्रीन टर्टल म्हणजे हिरवे कासव, हॉक्सबिल, लॉगरहेड आणि लेदरबॅक. कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येते ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले. त्याच्या पाठीचा रंग ऑलिव्हच्या फळासारखा हिरवट-राखाडी असतो. पूर्ण वाढलेल्या कासवाच्या पाठीची लांबी दोन-सव्वादोन फूट आणि वजन साधारण ३५ ते ५० किलो भरते. खेकडे, कोळंबी, शंख-शिंपल्यांतले जीव आणि जेलीफिश हा त्याचा आहार. यातला जेलीफिश लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता मुलांचा पहिला प्रश्न. कासव रडत नाही. समुद्राच्या पाण्यातून आणि अन्नातून शरीरात गेलेले जास्तीचे मीठ बाहेर टाकण्यासाठी त्याच्या डोळ्यांजवळ ग्रंथी असतात. त्यांतून खारट पाणी सतत पाझरते. पाण्यात असताना ते दिसत नाही, वाळूवर आल्यावर मात्र अश्रूंसारखे दिसते.

अंड्यापासून लाटेपर्यंत

कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर येते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते, अंगाने थापटून जागा सारखी करते आणि परत समुद्रात जाते. अंडी टेबल टेनिसच्या चेंडूसारखी गोल आणि पांढरी असतात, पण त्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसते. हात लावला तर दबते.

पुढचे काम सूर्याचे. वाळूच्या उबेवर ४५ ते ६० दिवसांत पिल्ले तयार होतात. नर होणार की मादी, हेही वाळूचे तापमानच ठरवते. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही होतात, वाळू त्याहून थंड असेल तर नर जास्त आणि गरम असेल तर माद्या जास्त. उन्हाळे वाढत चालले तर पुढे नर पुरेसे उरतील का, ही अभ्यासकांची चिंता त्यातूनच आली आहे.

अंड्यांतून निघालेली पिल्ले एकट्यादुकट्याने वर येत नाहीत. सगळी मिळून वाळू पायाखाली लोटत लोटत वर सरकतात आणि बहुधा वाळू थंड झाल्यावर बाहेर पडतात. बाहेर येताच ती उजेडाकडे धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री समुद्राची बाजूच जास्त उजळ असते, म्हणून ती बरोबर पाण्याकडे जातात. किनाऱ्यालगत हॉटेलचे दिवे असतील तर मात्र फसतात आणि उलट दिशेने चालू लागतात. त्यात कुत्री, कोल्हे, कावळे आणि खेकडे टपलेलेच असतात. समुद्रात गेल्यावर मोठे मासे असतात. हजार पिल्लांमागे एखादेच मोठे होते, असा अंदाज सांगितला जातो. वयात यायला त्याला पंधराएक वर्षे लागतात. मग मादी साधारण त्याच भागातल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते जिथे ती स्वतः जन्मली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने ती ही वाट ओळखते, असे संशोधनातून दिसून आले आहे.

आई परत येत नाही

आपल्या संतसाहित्यात कासवीचा दाखला वारंवार येतो. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, जवळ घेत नाही, ती पैलतीरावरून नुसत्या नजरेने त्यांचे पोषण करते, असा तो दाखला. देवाच्या कृपादृष्टीसाठी यापेक्षा सुंदर उपमा सापडणे कठीण. महादेवाच्या देवळात नंदीजवळ दगडी कासव असते, जेजुरीच्या गडावर खंडोबासमोर पितळेने मढवलेले भले मोठे कासव आहे, आणि दशावतारांत दुसरा अवतार कूर्माचाच. कासव आपल्या घरातले, देवळातले आहे.

पण जीवशास्त्र वेगळे सांगते. खड्डा बुजवून गेलेली मादी पिल्लांना पाहायला परत येत नाही. पिल्ले आणि आई यांची गाठ पडत नाही. निसर्गाने हा हिशोब भरपूर अंड्यांवर बसवला आहे : शंभर घाल, त्यातली थोडी जगतील. कोट्यवधी वर्षे तो हिशोब जमला. माणसाने अंडी उकरायला सुरुवात केली, जाळी वाढली आणि समुद्रात प्लास्टिक आले, तेव्हापासून तो बिघडला. आईची नजर तिथे नाही. म्हणजे आता नजर ठेवायची ती कोणीतरी दुसऱ्याने.

वेळासने काय केले

ही नजर ठेवायचे काम महाराष्ट्रात आधी केले ते वेळासने. मंडणगड तालुक्यातील हे छोटे गाव नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून आपल्याला माहीत असते. पूर्वी तिथेही किनाऱ्यावरची अंडी उकरून खाल्ली किंवा विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये तिथे संवर्धनाचे काम सुरू केले. ज्यांना अंडी कुठे सापडतात हे ठाऊक होते, त्याच गावकऱ्यांना बरोबर घेतले. पहाटे किनाऱ्यावर फिरायचे, मादीच्या चालीचा माग काढायचा, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरायची आणि पिल्ले निघाली की समुद्राजवळ सोडायची, अशी ही पद्धत.

२००६ पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांतच राहतात, घरचे जेवण जेवतात आणि सकाळ-संध्याकाळ पिल्ले समुद्रात जाताना पाहतात. अंडे विकून मिळायचे त्यापेक्षा अंडे राखून गावाला जास्त मिळू लागले. आज आंजर्ले, गुहागर अशा अनेक किनाऱ्यांवर वनविभागाच्या मदतीने हे काम चालते. समुद्री कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण आहे, पण कायदा कागदावर होताच. गावाने मनावर घेतल्यावर तो किनाऱ्यावर उतरला.

मच्छीमारांचाही यात वाटा आहे. जाळ्यात कासवासारखा संरक्षित प्राणी अडकला तर जाळे कापून त्याला सोडावे लागते आणि जाळे महाग असते. म्हणून डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र शासन अशा वेळी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते.

कासवाला सीमा नाही

ही पिल्ले मोठी होऊन जातात कुठे, हे बघण्यासाठी जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असे प्रथमच होत होते, म्हणून तिचे नाव ठेवले 'प्रथमा'. त्यानंतर सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी अशा माद्यांना यंत्रे लावली. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' गोवा, कर्नाटक, केरळ करत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली.

उलटा प्रवासही दिसला. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या पायाला क्रमांकाची पट्टी लावली होती, ती मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. दोन्ही ठिकाणांतले समुद्रमार्गाचे अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. अर्थात, एका किनाऱ्यावर कितीही चांगले काम झाले तरी ते कासव सगळ्यांच्या समुद्रातून फिरत असते आणि सगळ्यांच्या कचऱ्यातून.

प्लास्टिक का गिळले जाते

आता मुलांच्या शेवटच्या प्रश्नाकडे येऊ. कासव मूर्ख नाही. त्याच्या डोळ्यांना, नाकाला आणि घशाला लाखो वर्षांत जे शिकवले गेले, ते प्लास्टिकमुळे फसते.

पहिली फसवणूक डोळ्यांची. पाण्यात तरंगणारी पातळ पिशवी आणि जेलीफिश दिसायला अगदी सारखे. दोन्ही पारदर्शक, दोन्ही पाण्याबरोबर हेलकावे खाणारे.

दुसरी फसवणूक नाकाची. समुद्रात काही दिवस राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ आणि सूक्ष्म जीवांचा थर चढतो आणि त्याला अन्नासारखा वास येऊ लागतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॉगरहेड कासवांना स्वच्छ प्लास्टिकचा वास दिला, तेव्हा त्यांनी दुर्लक्ष केले. समुद्रात मुरलेल्या प्लास्टिकचा वास आल्यावर मात्र ती खाद्याचा वास आल्यासारखीच नाक वर काढून शोधू लागली.

तिसरी अडचण घशाची. समुद्री कासवाच्या अन्ननलिकेत आतल्या बाजूने पोटाकडे वळलेले टोकदार काटे असतात. खाताना तोंडात शिरलेले खारे पाणी बाहेर टाकता यावे आणि बुळबुळीत भक्ष्य मात्र निसटू नये, यासाठी ती सोय. मासे पकडायच्या बांबूच्या सापळ्यासारखीच ती आहे : आत जाता येते, बाहेर येता येत नाही. गाईच्या पोटात पिशव्यांचे गोळे सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो. कासवाचे तसेच होते. पोट भरल्यासारखे वाटते आणि ते उपाशी राहते. आतड्यात अडथळा येऊन वायू साचला की ते पाण्यावर तरंगत राहते, बुडी मारता येत नाही, मग खाणे मिळत नाही आणि होडीचा धक्का लागायची भीती वाढते.

किती प्लास्टिक म्हणजे धोका? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१८ मध्ये मेलेल्या कासवांच्या तपासणीवरून हिशोब मांडला. पोटात १४ तुकडे गेले तर मरणाची शक्यता ५० टक्के होते. एका तुकड्यानेही जीव जाऊ शकतो. लहान कासवांना धोका आणखी मोठा, कारण ती वाहत्या शेवाळाच्या आधाराने समुद्राच्या वरच्या थरात वाढतात आणि तरंगते प्लास्टिकही तिथेच गोळा होते.

गिळण्याखेरीज अडकण्याचा धोका वेगळा. समुद्रात टाकून दिलेली किंवा तुटून गेलेली नायलॉनची जाळी वर्षानुवर्षे वाहत राहतात आणि त्यांत कासवे गुंततात. पावसाळ्यात पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जखमी कासवे वाहून येतात, त्यांतल्या काहींच्या पायांना जाळ्याचे फास बसलेले असतात. त्यांच्यावर डहाणूला वनविभाग आणि तिथल्या वन्यजीवप्रेमी संस्थेने चालवलेल्या केंद्रात उपचार होतात. आपल्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावरची ही गोष्ट आहे.

आपल्या दारातून समुद्राकडे

दमणगंगा नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते. मधुबन धरणातून पुढे येत सिल्वासाजवळून वाहते आणि नानी दमण व मोटी दमण यांच्यामधून अरबी समुद्राला मिळते. नदीची एकूण लांबी सुमारे १३१ किलोमीटर. आपण तिच्या शेवटच्या टप्प्यात राहतो. २६ जानेवारी २०२० पासून सिल्वासा आणि दमण एकाच केंद्रशासित प्रदेशात आले. नदीने ती दोन्ही कधीच जोडली होती.

आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. आठ महिने नाल्यात, गटारात, रस्त्याच्या कडेला साठलेला कचरा पहिल्या मोठ्या पावसात नाल्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जातो. पिशव्या आणि बाटल्यांची झाकणे पाण्यापेक्षा हलकी असतात, ती तरंगत जातात. सप्टेंबरमध्ये दमणच्या किनाऱ्यावर दिसणारा कचरा सगळा दमणकरांचा नसतो.

यात एक गोष्ट आपल्यालाच सांगता येईल, कारण आपल्यापैकी अनेकांचे पोट प्लास्टिक आणि पॉलिस्टर यार्नच्या कारखान्यांवर चालते. मोल्डिंगच्या खात्यात काम करणाऱ्याला 'दाणा' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गोण्या उतरवताना, हॉपर भरताना थोडा दाणा जमिनीवर सांडतोच. तो झाडून डब्यात गेला तर माल, पाण्याच्या पाइपने धुऊन गटारात गेला तर कासवाच्या पोटात. मे-जून २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल हे मालवाहू जहाज पेटून बुडाले, तेव्हा सुमारे १,६८० टन दाणा समुद्रात गेला आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर त्याचे थर साचले. त्यानंतरच्या आठवड्यांत तिथे अनेक मेलेली कासवे वाहून आली. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा ३ बुडाले, तेव्हाही किनाऱ्यावर दाणा आला. ते मोठे अपघात होते. कारखान्याच्या गटारातली गळती छोटी, पण रोजची असते. आम्ही कारखान्यांच्या विरुद्ध बोलत नाही. त्यांच्यामुळेच आपण इथे स्थायिक झालो. पण गटाराच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, सांडलेला दाणा कोरडाच झाडून घ्या, हे सुचवू शकणारी माणसे आपल्या मंडळात सुपरवायझर, मेंटेनन्स, स्टोअर अशा जागांवर बसलेली आहेत.

मंडळ आणि घर

देशभर १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, पेले, स्ट्रॉ आणि सजावटीचे थर्माकोल यांवर बंदी आहे. बंदी असली तरी कार्यक्रमाच्या घाईत हे सामान येतेच. म्हणून काही ठरवण्यासारख्या गोष्टी मांडतो.

गणेशोत्सवात मखर कापड, बांबू आणि कागदाचे करावे, जे पुढच्या वर्षीही वापरता येईल. महाप्रसादाला स्टीलची ताटे किंवा पळसाच्या पत्रावळी घ्याव्यात. ताटे धुवायला माणसे लागतात ही अडचण खरी आहे. मंडळाने पाळ्या लावल्या तर ती सुटते.

निर्मल्य हा त्याहून नाजूक विषय. पूजेची फुले नदीत सोडायची म्हणून आपण पुलावर थांबतो आणि घाईत पिशवीसकट टाकतो. फुले नदीत दोन दिवसांत कुजतात, पिशवी दमणच्या खाडीतून पुढे जाते. निर्मल्य घरच्या कुंडीत किंवा सोसायटीच्या झाडाखाली खत म्हणून गेले, तरी देवाला ते पोचतेच.

हळदीकुंकवाच्या वाणाचेही असेच. दहा वर्षे वापरला जाणारा प्लास्टिकचा डबा हा मोठा प्रश्न नाही. प्रत्येक वाणाला गुंडाळलेली चमकती पिशवी, जी घरी पोचताच फेकली जाते, ती खरी अडचण. वाण कापडी पिशवीतच दिले, तर पिशवी हेच वाण होते.

आणि हे केल्याने काय होणार, असे विचारणाऱ्यांसाठी वर्सोव्याचे उदाहरण. मुंबईच्या या किनाऱ्यावर गुडघाभर कचरा होता. अफरोज शहा या वकिलाने ऑक्टोबर २०१५ मध्ये शेजाऱ्याला घेऊन तो उचलायला सुरुवात केली, हळूहळू शेकडो लोक जोडले गेले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडलेची किमान ८० पिल्ले निघून समुद्रात गेली. तिथल्या लोकांना हे दृश्य सुमारे वीस वर्षांनी दिसले.

किनाऱ्यावर कासव दिसले तर

शेवटी एक उपयोगाची सूचना. फिरायला गेल्यावर वाळूवर कासव पडलेले दिसले, तर त्याला ओढून समुद्रात ढकलू नका. ते थकलेले किंवा जखमी असते आणि पाण्यात बुडू शकते. त्याला सावली करा, पाठीवर ओले फडके टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, खायला काही देऊ नका आणि कुत्र्यांना दूर ठेवा. मग वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात १९२६ हा त्यांचा मदत क्रमांक आहे. रात्री अंडी घालणारी मादी दिसली तर लांब थांबा, टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. ती आपले काम करून स्वतःच निघून जाते.

पिल्लांकडे पाहायला ती परत येणार नाही. ते काम वेळासच्या लोकांनी अंगावर घेतले. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या आपल्या वाट्याला त्यातले सोपे काम आले आहे : पहिला पाऊस पडायच्या आत आपल्या गल्लीतला नाला मोकळा आणि पुलावरून जाताना हात रिकामा.